व्हिडिओतला आकडा आणि आपलं मशीन

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेला महापूर आला. शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे पाण्याखाली गेला आणि मी कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या खोलीवर अडकून पडलो. आमचा कारखाना नदीपलीकडे, शिरोली एमआयडीसीत. जायला वाटच नव्हती. लाईट जात-येत होती, पण मोबाइलला रेंज होती. दिवसा गल्लीतल्या पोरांबरोबर पूरग्रस्तांसाठी चपात्या गोळा करायचो आणि रात्री मोबाइलवर सीएनसी लेथचे, म्हणजे आकड्यांच्या प्रोग्रॅमवर आपोआप चालणाऱ्या लेथचे, व्हिडिओ बघायचो. माझं शिकणं तिथून सुरू झालं.

तोवर माझी नऊ वर्षं साध्या लेथवर गेली होती. कळंब्याच्या आयटीआयमधून टर्नर ट्रेड केला, उद्यमनगरात एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो, मग लेथ हातात आला. टूल स्वतः ग्राइंड करायचं, हँडल किती फिरवलं की किती मटेरियल निघतं ते हाताला माहीत, बिट बोथट झाली की आवाजावरून कळायचं. चांगला टर्नर म्हणून मला थोडंफार नाव होतं आणि त्याचा अभिमानही होता. शिरोलीला आलो तो पगारासाठी. तिथं दोन सीएनसी लेथ होते आणि मला ऑपरेटर म्हणून उभं केलं. फौंड्रीतून आलेलं कास्टिंग चकमध्ये, म्हणजे ते धरून फिरवणाऱ्या पकडीत, लावायचं, दार बंद, सायकल स्टार्ट, दार उघडायचं, एअर मारायची, गेज लावायचा, पुढचा जॉब. शिफ्टभर तेच. मशीन आत काय करतंय आणि तसंच का करतंय, यातलं मला अक्षरही कळत नव्हतं. माप सरकलं की सेटरला, म्हणजे मशीन मापाला लावून देणाऱ्याला, हाक मारायची. तो यायचा, पडद्यासमोर असा उभा राहायचा की मला काही दिसू नये, दोन-चार बटणं दाबायचा आणि जायचा. त्याचा मला राग नाही. त्यानंही ते कुणाच्या तरी हाताखाली कष्टानं मिळवलं होतं. पण नऊ वर्षं स्वतःच्या हातानं माप धरलेल्या माणसाला मापासाठी दुसऱ्याची वाट बघावी लागते, ही गोष्ट मला झोपू देत नव्हती.

सुरुवातीला समोर येईल ते बघत गेलो. हिंदीतले व्हिडिओ पटकन समजायचे, पण बरेच जण नुसती कोडची यादी वाचून दाखवायचे: जी शून्य म्हणजे रॅपिड, टूल न कापता झटकन सरकवणं, जी एक म्हणजे फीडनं, बेतानं सरकवत कटिंग, एम तीन म्हणजे चक फिरवणारा स्पिंडल सुरू. ते पाठ झालं, पुढं काय ते कळेना. तमिळमधला एक व्हिडिओ मी शब्दही न कळता तीनदा बघितला, कारण त्यातला माणूस कॅमेरा थेट कंट्रोलच्या, म्हणजे मशीन चालवणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर धरून एकेक ओळ टाइप करत होता, आणि ती ओळ कोईमतुरात असो की कोल्हापुरात, सारखीच असते. मग अमेरिकेतले सापडले. हास कंपनीचे ‘टिप ऑफ द डे’ नावाचे व्हिडिओ मला फार उपयोगी पडले. त्यातला माणूस एका वेळी एकच गोष्ट घेतो आणि ती का, हे सांगतो. इंग्रजी जड जायचं. वेग पाऊणपट करायचा, खाली अक्षरं लावायची, अडलेला शब्द वहीत उतरवायचा. दोन-तीन महिन्यांत कान बसला.

एका व्हिडिओत ही मशीन मुळात कुठून आली ते सांगितलं होतं. अमेरिकेत जॉन पार्सन्स नावाचा माणूस हेलिकॉप्टरची पाती बनवायचा. पात्याचा आकार वाकडा-तिकडा, म्हणून त्यानं वक्रावरच्या बिंदूंची मापं आधी आकडेमोड करून काढली. मग मिलिंग मशीनच्या एकेका हँडलवर एकेक माणूस उभा केला आणि यादीतले आकडे वाचून दोघांनी हँडल फिरवायचं, असं काम चालवलं. पुढं एमआयटीनं माणसांच्या जागी मोटारी आणि यादीच्या जागी छिद्रं पाडलेली पट्टी आणली आणि १९५२ मध्ये तसं मशीन चालवून दाखवलं. हे ऐकलं त्या रात्री माझ्या डोक्यातला सीएनसीचा बाऊ गेला. मीही लेथवर गोलाई काढताना डाव्या हातानं कॅरेज आणि उजव्या हातानं क्रॉस स्लाइड थोडं थोडं सरकवतच होतो. एक्स म्हणजे माझा क्रॉस स्लाइड, झेड म्हणजे माझं कॅरेज. प्रोग्रॅम म्हणजे ती आकड्यांची यादी. मला काम येत होतं, यादी लिहिता येत नव्हती, एवढंच.

तेव्हापासून नुसतं बघणं बंद केलं. दोनशे पानी वही घेतली. व्हिडिओत माणूस ड्रॉइंग दाखवायचा, तिथंच थांबवायचा आणि त्यानं लिहायच्या आधी मी माझा प्रोग्रॅम लिहायचा. मग पुढं सोडून ताडून बघायचं. वीस मिनिटांच्या व्हिडिओला माझे दोन तास जायचे. पहिल्या महिन्यात दहातल्या आठ ओळी चुकायच्या. डायामीटरच्या जागी रेडियस लिहायचो, फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट, करून टूल मागं न घेता सरळ वर न्यायचो, चॅम्फरला, कडेच्या तिरप्या कापाला, सुरुवातीचा बिंदू चुकवायचो. मोबाइलवर चालणारं एक सिम्युलेटर उतरवून घेतलं होतं. त्यात ओळी टाकल्या की टूलचा मार्ग दिसायचा. आकार चुकला तर तिथंच कळायचं. त्या सिम्युलेटरला मशीनचा दम किती, चक किती घट्ट, कास्टिंग कसलं, यातलं काही माहीत नसायचं, आणि त्या वेळी मलाही त्याचं महत्त्व कळलेलं नव्हतं.

कळायला लागलं ते स्पीड-फीडमुळं. व्हिडिओतले बहुतेक जॉब ॲल्युमिनियमचे. झरझर कापतं, लांब चमकती चिप निघते, चारशे-पाचशे मीटर प्रति मिनिट कटिंग स्पीड सहज. मी ते आकडे वहीत उतरवून घेतले होते. आमच्याकडं काम बिडाचं, एफजी २६० ग्रेडच्या ओतीव लोखंडाचं. एकदा जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या शिफ्टच्या सेटरला, आण्णांना, मी वही दाखवली. आण्णा रिटायरमेंटला आलेले, बोलायला तुटक, पण पडदा झाकायचे नाहीत. त्यांनी पान बघितलं आणि म्हणाले, “ह्यो आकडा कुनाचा हाय?” मी म्हटलं, व्हिडिओतला. “त्येच्या मशीनचा हाय. आपला कुठाय?”

ते दोन शब्द मी वहीवर लिहून टाकले. त्या दिवसापासून डाव्या पानावर ‘त्यांचा’ आणि उजव्या पानावर ‘आपला’. व्हिडिओतला कुठलाही आकडा आधी डावीकडं. तो कुठून आला ते समजल्याशिवाय उजवीकडं काही लिहायचं नाही.

स्पीडचं सूत्र आयटीआयत शिकवलेलं होतं, तेव्हा परीक्षेपुरतं घोकलं होतं. कटिंग स्पीडला हजारानं गुणायचं आणि पाय गुणिले डायामीटरनं भागायचं. बिडाला आमच्या इन्सर्टवर, म्हणजे टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्यावर, दीडशे मीटर धरला, तर ६० मिलिमीटर डायाला साधारण ७९६ आरपीएम येतात, २० डायाला २,३८७. म्हणजे फेसिंग करताना टूल बाहेरून आत जाईल तसा स्पिंडल जोरात फिरला पाहिजे. साध्या लेथवर फेस मारताना मधल्या भागाची फिनिश नेहमी वेगळी का यायची, ते मला नऊ वर्षांनी त्या सूत्रात सापडलं. तिथं आरपीएम एकच असायचा, मध्याकडं कटिंग स्पीड पडत जायचा. सीएनसीत जी ९६ दिला की मशीन स्वतः आरपीएम वाढवत नेतं. पण मध्यावर डाया शून्याकडं जातो, म्हणजे आरपीएम आभाळाला भिडणार. म्हणून आधी जी ५० देऊन वरची मर्यादा घालायची. ती का घालायची, हे एका व्हिडिओत इतकं नीट दाखवलं होतं की मी विसरणार नाही: चक जोरात फिरला की त्याचे जबडे, म्हणजे जॉ, बाहेरच्या बाजूला ओढले जातात आणि जॉबवरची पकड सैल होते. वेडंवाकडं जड कास्टिंग असेल तर काय होईल ते सांगायला नको. त्यांच्या मर्यादेचा आकडा मात्र डाव्या पानावरच राहिला. आमच्या कास्टिंगला मी आण्णांना विचारून १,५०० लिहिला.

इन्सर्टच्या डब्यांवरचे रंग मी रोज बघायचो, अर्थ माहीत नव्हता. निळा स्टीलला, पिवळा स्टेनलेसला, लाल बिडाला, हिरवा ॲल्युमिनियमसारख्या धातूंना. सीएनएमजी १२०४०८ हा नंबर मी हजारदा वाचला असेल. त्यातला सी म्हणजे ८० अंशाचा, पत्त्यातल्या चौकटसारखा आकार आणि शेवटचे ०८ म्हणजे टोकाची गोलाई ०.८ मिलिमीटर, हे कळल्यावर मला शाळेत पहिल्यांदा घड्याळ वाचता आल्यावर झाला होता तसा आनंद झाला. कास्टिंगचं आणखी एक, जे बारवर काम करणाऱ्या त्या व्हिडिओंत नसायचं: बिडाची वरची कातडी कडक असते, त्यात वाळूचे कण अडकलेले असतात. पहिला कट भीत भीत अर्धा मिलिमीटर घेतला तर टूलचं टोक त्या कातडीतच घासत राहतं आणि दहा जॉबमध्ये इन्सर्ट जातो. पहिलाच कट कातडीच्या खाली गेला पाहिजे. हे मला हातानं माहीत होतं. उजव्या पानावर मी स्वतःच्या अनुभवानं लिहिलेली ती पहिली ओळ.

इंचाचाही घोळ होता. त्यांचा फीड, म्हणजे एका फेऱ्यात टूल किती सरकतं ते, ०.०१० म्हणजे इंचात, आपल्याकडं ०.२५४. मी पहिल्यांदा तसाच ०.०१० उतरवला होता. सिम्युलेटरला काही वाटलं नाही. आण्णांनी बघून विचारलं, “जॉब कवा संपायचा, दिवाळीला?”

त्यांनी मला हळूहळू जवळ केलं. माझी पहिली शिफ्ट संपली की मी घरी न जाता अर्धा-पाऊण तास थांबायचो. त्यांचं टूल बदलायचं असेल तर ॲलन की हातात द्यायचो, ट्रेमधला बिडाचा काळा भुगा काढायचो. त्या बदल्यात ते ऑफसेटचं, म्हणजे मापातली दुरुस्ती टाकायचं, पान उघडं ठेवून बोलत काम करायचे. बाहेरचा डाया चार शतांशानं मोठा आला तर एक्सच्या वेअरमध्ये, म्हणजे टूलच्या झिजेच्या रकान्यात, वजा ०.०४. बोअर, म्हणजे आतलं भोक, दोन शतांशानं लहान आला तर अधिक ०.०२. व्हिडिओत हे बघून पाठ होतं, पण चालू मशीनसमोर अधिक की वजा या प्रश्नाला घाम फुटतो. मी मशीनच्या पत्र्यावर खडूनं लिहून ठेवलं होतं.

असं करत करत २०२१ च्या सुरुवातीला आण्णांनी मला एक छोटा प्रोग्रॅम स्वतः लिहून स्वतः चालवायला सांगितलं. पुलीच्या हबचा फेस आणि बाहेरचा डाया. वीस-बावीस ओळी. मी आदल्या रात्री लिहिला, सिम्युलेटरवर चालवला, चार वेळा तपासला. मशीनवर टाकला, ड्राय रन घेतला तो चक रिकामा ठेवून, झेड बराच लांब सरकवून. सगळं ठीक वाटलं. मग जॉब लावला, सिंगल ब्लॉक सुरू, रॅपिड २५ टक्क्यांवर. एकेक ओळ दाबत गेलो. फेस झाला. डाया झाला. टूल आता ६४ डायावर, झेड वजा ४५ वर होतं. पुढची ओळ टूल लांब न्यायची होती: जी शून्य, एक्स १५०, झेड १००. टूल जॉबपासून दूरच जाणार, म्हणून मी निर्धास्त होऊन बटण दाबलं.

टूल दूर गेलं नाही. जॉबमध्ये घुसलं. मोठा धाड आवाज झाला, जॉब जॉमधून निघाला आणि दाराच्या काचेवर आदळला. मी इमर्जन्सी दाबली तेव्हा जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. हायड्रॉलिकचा आवाज थांबला आणि सगळ्या शेडमध्ये एकदम शांत झालं. पलीकडचे ऑपरेटर माना वर करून बघत होते.

आण्णा आले. आधी म्हणाले, “हात बघू.” दोन्ही हात उलटसुलट बघितले. मग दाराच्या काचेकडं बघितलं, मग पडद्याकडं. बराच वेळ ती एक ओळ वाचत राहिले.

“टिंब कुठाय?”

मला आधी कळलंच नाही. मग कळलं. आमच्या मशीनच्या फॅनक कंपनीच्या कंट्रोलला आकड्यानंतर दशांश टिंब दिलं नाही तर तो आकडा मायक्रॉनमध्ये, मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, वाचायची सवय होती. १५० म्हणजे १५० मिलिमीटर नाही, ०.१५०. झेड १०० म्हणजे ०.१००. म्हणजे मी टूलला सांगितलं होतं, जॉबच्या मधोमध ये, फेसपासून केसभर अंतरावर. ते बिचारं सांगितल्याप्रमाणं निघालं, मध्ये जॉब होता. ज्या व्हिडिओवरून मी ती ओळ शिकलो त्यात टिंब नव्हतं, आणि त्या माणसाचं मशीन शंभर मिलिमीटर मागं गेलेलं मी डोळ्यांनी बघितलं होतं. फॅनकमध्ये यासाठी एक पॅरामीटर, म्हणजे आतलं सेटिंग, असतो, ३४०१ नंबरचा. त्यातला एक बिट शून्य असेल तर टिंबाशिवायचा आकडा मायक्रॉन, एक असेल तर सरळ मिलिमीटर. त्याच्याकडं तो एक असणार, आमच्याकडं शून्य. प्रोग्रॅममधल्या बाकी सगळ्या ओळींना मी टिंब दिलं होतं, कारण ती मापं ड्रॉइंगवरून दशांशात घेतलेली होती. मागं जायची ओळ तेवढी व्हिडिओतून जशीच्या तशी आली होती. डाव्या पानावरून थेट मशीनमध्ये. ड्राय रनमध्ये टूल मोकळ्या हवेत आडवं गेलं आणि ते माझ्या लक्षात आलं नाही, कारण मी मशीनकडं बघत होतो, पडद्यावरच्या आकड्यांकडं नाही.

इन्सर्टचा चुरा झाला, होल्डर वाकला. मेंटेनन्सवाल्यांनी डायल लावून बघितलं तर टूल धरणारं टरेट ६० मायक्रॉननं सरकलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मशीन बंद राहिलं. मी साहेबांकडं जाऊन प्रोग्रॅम माझा होता, चूक माझी होती असं सांगितलं. दोन महिने मला ऑपरेटरच्या कामापलीकडं कशाला हात लावायला मनाई झाली. ते रास्त होतं. ते दोन महिने मी रोज मशीनपुढं उभा राहून जॉब लावत होतो, आणि प्रत्येक धाड आवाजाला, पलीकडं कुणी नुसता स्पॅनर पाडला तरी, माझ्या पोटात गोळा यायचा. रात्री व्हिडिओ लावायची इच्छाच मेली होती. आण्णांनी एकदाच विषय काढला. म्हणाले, त्यांनी स्वतः दोनदा टूल चकमध्ये घातलंय. पुढं बोलले नाहीत.

परत सुरू केलं ते ‘डिस्टन्स टू गो’पासून. पडद्यावर हा रकाना रोज असतो: टूलला अजून किती अंतर जायचं आहे. नवा प्रोग्रॅम असेल तर रॅपिडचा नॉब अगदी खाली, एफ झिरोवर ठेवायचा, ओळ सुरू करायची आणि लगेच टूल जागीच थांबवणारं फीड होल्ड दाबायचं. मग रकाना वाचायचा आणि टूल व जॉबमधलं अंतर डोळ्यानं मोजायचं. दोन्ही जुळलं तरच पुढं. त्या दिवशी मी हे केलं असतं तर झेडमध्ये ४५ आणि एक्समध्ये वजा चिन्ह दिसलं असतं. टूल दूर जायचं असताना वजा. नवशिक्या माणसाला सुद्धा शंका यावी. आता मी हे दर वेळी करतो, अगदी शंभरदा चाललेला प्रोग्रॅम असला तरी टूल बदलल्यावर पहिल्या जॉबला करतो.

टिंब सगळीकडं द्यायचं असा नियम करावा, तर तेही चालत नाही, हे थ्रेडिंग शिकताना कळलं. एम २० बाय २.५ चा बाहेरचा आटा. जी ७६ च्या सायकलमध्ये आट्याची खोली पी या अक्षरानं द्यायची असते. पिच २.५ ला ०.६१३४ नं गुणलं की १.५३४ मिलिमीटर, म्हणजे तळाचा डाया १६.९३२ च्या आसपास. पण पी मध्ये १.५३४ लिहिलं की कंट्रोल अलार्म देतो, टिंब चुकीच्या जागी आहे म्हणून. तिथं १५३४ असंच, मायक्रॉनमध्ये लिहायचं. एक्स-झेडला टिंब हवंच, इथं नकोच. यासाठी मी फॅनकचं मॅन्युअल आण्णांच्या कपाटातून घेऊन जायला लागलो. व्हिडिओत बघायचं, मॅन्युअलमध्ये शोधायचं, मशीनवर हवेत चालवायचं, तेव्हा कुठं उजव्या पानावर.

सगळ्यात जास्त मी ज्या कामात शिकलो ते एका बेअरिंग हाउसिंगचं. त्यात ६२०७ बेअरिंग बसायचं, म्हणजे बोअर ७२ मिलिमीटर, एच ७ या मर्यादेत: ७२.००० पासून ७२.०३० पर्यंत. भिंत पातळ, सात मिलिमीटरच्या आसपास. बोअर गेज लावला की ७२.०१५, आडवा धरा, उभा धरा, तेच. पण भोकात घालून बघायच्या प्लग गेजची गो बाजू, जी जायलाच हवी, ती आत जाईना. दिवसाच्या शिफ्टला ऑफसेट वाढवून बोअर मोठा केला, गेज जायला लागला, तर पुढं बेअरिंग सैल बसतंय म्हणून माल परत आला. तिघं जण प्लग गेजवर संशय घेत होते, दोघं बोअर गेजवर.

मी चार रात्री व्हिडिओ शोधले. एकात एका माणसानं ॲल्युमिनियमची पातळ रिंग तीन जॉच्या चकमध्ये धरली, आतून बोअर केली, चकमध्येच डायल फिरवून दाखवला: काटा हलत नव्हता. मग चक सोडला आणि रिंग पुन्हा मोजली. ती गोल राहिली नव्हती. जॉ दाबतात तिथं भिंत आत जाते, त्या स्थितीत आपण गोल बोअर करतो, आणि सोडल्यावर त्या तीन जागा परत बाहेर सरकतात. बोअर तीन कोपऱ्यांचा होतो. खरी गंमत पुढं होती. ज्या जागी जॉ होता तिथं बोअर बाहेर गेलेला, आणि बरोबर समोर दोन जॉच्या मधली जागा, ती आत आलेली. दोन टोकांनी मोजणाऱ्या गेजला एक बाजू जास्त आणि समोरची तेवढीच कमी मिळते. बेरीज कायम ७२.०१५. गेज खोटं बोलत नव्हता, त्याला ते दिसतच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी जॉब काढण्याआधी तिन्ही जॉच्या जागी खडूनं खुणा केल्या आणि क्वालिटीतल्या मॅडमकडून तीन टोकांचा इंटर्नल मायक्रोमीटर मागून घेतला. खुणांवर तिन्ही टोकं टेकवली: ७२.०३७. साठ अंश फिरवून खुणांच्या मध्ये टेकवली: ७१.९९३. मी तो आकडा तिघांना वाचून दाखवला. त्यात मला एरवी पडदा न दाखवणारे दिवसाचे सेटरही होते. त्यांनी मायक्रोमीटर माझ्या हातातून घेतला, स्वतः दोनदा फिरवला आणि म्हणाले, “ही भानगड हाय व्हय.” मग आम्ही दोघांनी मिळून सेटिंग केलं. रफिंग आधी वेगळं उरकलं. फिनिशसाठी सॉफ्ट जॉ जॉबच्या बाहेरच्या डायालाच बोअर करून घेतले, म्हणजे तीन ठिकाणी टोचण्याऐवजी जॉबला जवळजवळ चहूबाजूंनी मिठी बसेल, आणि चकचं प्रेशर १४ किलोवरून ६ वर आणलं. व्हिडिओतल्या माणसानं प्रेशर किती ठेवलं तेही सांगितलं होतं, पीएसआयमध्ये. पण त्याचा सिलिंडर वेगळा, चक वेगळा, मटेरियल वेगळं. आम्ही एकेक किलो उतरवत दर वेळी जॉब मोजून आपला आकडा काढला. खुणेवर आणि खुणेमध्ये फरक आठ मायक्रॉनवर आला. प्लग गेज स्वतःच्या वजनानं आत उतरला, तेव्हा तो किंचित फुस्स असा हवेचा आवाज येतो, तो आला.

त्यानंतर मला सेटरचं काम मिळालं. दिवसाचे सेटर आता पडद्यापासून बाजूला सरकून उभे राहतात, कधी कधी मीच त्यांना एखादा व्हिडिओ पाठवतो. आण्णा रिटायर झाले. वह्या आता तीन झाल्यात. पहिलीत डावी पानं भरलेली आणि उजवी बरीचशी कोरी आहेत, तिसरीत उलटं होत चाललंय.

गेल्या महिन्यात कारखान्यात नवीन व्हीएमसी, उभ्या स्पिंडलचं मिलिंग मशीन, आलं. कंट्रोल पुन्हा फॅनकचाच. मला त्यातलं जॉबचा शून्य बिंदू ठरवणारं जी ५४ आणि टूलची उंची घेणारं जी ४३ अजून शिकायचं आहे, रोज रात्री तेच बघतोय. पण मशीनसमोर पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मी टेबल रिकामं ठेवलं, स्पिंडल वर मोकळ्या जागी घेतला, एमडीआयमध्ये, म्हणजे सुटी ओळ हातानं टाकून चालवायच्या पानावर, इन्क्रिमेंटल फीडची, आहे तिथून किती सरकायचं ते सांगणारी, एक ओळ टाकली, एक्स १०, मुद्दाम टिंबाशिवाय. सायकल स्टार्ट दाबून लगेच फीड होल्ड दाबलं आणि रकाना वाचला. लेथवर तिथं ०.०१० च्या आत काहीतरी दिसलं असतं. इथं ९.९७० होतं. एकाच शेडमध्ये, एकाच कंपनीचे कंट्रोल, मध्ये पंधरा फूट अंतर. उजव्या पानावर दोन्ही मशीनचे नंबर आणि त्यांच्यापुढं दोन्ही आकडे लिहिले, आणि दोन्ही मशीनच्या पत्र्यावर चिकटवायला लाल पट्टीचा कागद आणायला स्टोअरमध्ये गेलो.